आधी मोठं की आधी छोटं

दोन मशीन आणि समोर पाच कामं असली तर आधी कुठलं घ्यायचं, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरून झाली नाहीत आणि सासूवरूनही झाली नाहीत. मी तळोज्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो, पुढे फोरमन झालो. आमची सुमन खांदा कॉलनीत घरीच ब्लाऊज शिवायची, फॉल-पिको करायची. मी म्हणायचो, मोठं काम आधी घे. ती म्हणायची, छोटं आधी. संसार संपला, भांडण मिटलं नाही.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिने शिवायला घेतलेली कामं मात्र दांडीवर पिशव्यांत लटकत राहिली. घेतलेलं कापड न शिवता परत देणं तिने जन्मात केलं नव्हतं. ती सगळी कामं कशी पार पडली, ते मला सांगायचं आहे. शाळा माझी सातवीपर्यंत. भाषा जड वाटली तर छापणाऱ्याने घातलेली समजा, हलकी वाटली तर माझी.

पण त्याआधी माझा धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कंपन्यांच्या पंपांचे शाफ्ट झिजतात, बुश खराब होतात, रोलर वाकतात. ते आमच्याकडे यायचे. लेथवर जॉब बांधायचा, गरागरा फिरवायचा आणि टूल लावून कातायचा. जॉब म्हणजे नोकरी नव्हे, लोखंडाचा तुकडा. मुलगी द्यायला आलेल्या एका पाहुण्याला मी सांगितलं होतं, माझ्या हाताखाली रोज वीस-पंचवीस जॉब असतात. तो बिचारा फार खूश होऊन गेला. तर एकदा बांधलेला जॉब मध्येच सोडायचा नसतो. सोडला आणि परत बांधला की केंद्र हलतं, मग पहिल्यापासून जुळवत बसा.

फोरमनचं काम म्हणजे फळा. सकाळी खडू घेऊन लिहायचं, कुठल्या लेथवर कुठला जॉब, कुठल्यानंतर कुठला. लोकांना वाटतं यात काय एवढं. समजा, बारकी कामं आधी उडवली आणि लांबलचक शाफ्ट शेवटी ठेवला. मग काय होतं, तर एका लेथवर तो शाफ्ट दिवस मावळेपर्यंत चालतो, आणि दुसरा लेथ रिकामा, त्याचा टर्नर बाहेर बाकावर बसून तंबाखू मळतो. गिऱ्हाईकाचा टेम्पो दारात उभा तो उभाच. म्हणून मोठी कामं आधी चढवायची, बारकी मागून फटीत बसवायची. गोणीत नारळ आधी भरले तर सुपाऱ्या मागून कुठेही मावतात. उलट करून बघा.

हे मी सुमनला लाख वेळा सांगितलं. ती काय करायची? कोणी साडीला फॉल लावायला आलं की हातातला अस्तराचा ब्लाऊज बाजूला. "अगं, तो ब्लाऊज आधी संपव, फॉल काय पळून जातोय?" मी म्हणायचो.

"फॉल नाही पळत. बाई दारात उभी आहे ना."

"उभी राहील थोडी."

"तुमचं लोखंड उभं राहतं. बाई उभी राहिली की तिच्या घरी भात करपतो."

यावर मी माघार घ्यायचो. पटलं म्हणून नाही, जेवण तिच्या हातात होतं म्हणून.

आता तिसऱ्या लेथची गंमत ऐका. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीचं दरवर्षी शटडाऊन असायचं. कारखाना काही दिवस बंद ठेवायचा, सगळं खोलून दुरुस्त करायचं आणि ठरल्या दिवशी परत चालू. त्यांचं काम आमच्याकडे यायचं: आधी बुश, कारण त्यांच्याशिवाय त्यांचे फिटर पुढे हातच लावत नाहीत. मग मोठ्या पंपाचा शाफ्ट, पण तो बाहेर वेल्डिंग भरायला जायचा आणि तिकडून आला की लेथवर चढायचा. सगळ्यात शेवटी रोलर, त्यांची कोणाला घाई नसायची. आमचे लेथ दोन. शाफ्ट वेल्डिंगहून परत येईपर्यंत दोन्ही बुशांत गुंतलेले. शाफ्ट यायचा तेव्हा एक मोकळा होतच असायचा. चढला शाफ्ट. सगळं बिनबोभाट.

त्या वर्षी शेठना वाटलं, आणखी पटकन करून दाखवू. त्यांनी भिवंडीहून जुना लेथ आणला, हार घातला, नारळ फोडला. तिसरा लेथ आल्यावर बुश झटक्यात संपले. शाफ्टचा अजून पत्ता नाही. आता तीन लेथ रिकामे ठेवायचे का? आमच्या धंद्यात रिकामा लेथ बघवत नाही, मालकाला तर नाहीच. फळ्यावर पुढे रोलर होते, तिन्हीवर तीन रोलर चढले. रोलर म्हणजे दिवसभराचं दुखणं. आणि ते चढून जरा वेळ होतो न होतो तोच शाफ्ट घेऊन टेम्पो आला.

कंपनीचा माणूस टेम्पोतूनच उतरला. "चला, चढवा."

"लेथ मोकळा नाही."

"मागच्या वर्षी दोन होते तेव्हा मोकळा होता. आता तीन आहेत आणि नाही?"

"साहेब, तीन आहेत म्हणूनच नाही."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी प्यायलोय. शाफ्ट तिथेच जमिनीवर आडवा पडून राहिला. कारखाना ठरल्या दिवशी सुरू झाला नाही. शेठ म्हणाले नारळ कुजका निघाला होता तेव्हाच ओळखायला हवं होतं. टर्नर म्हणाले लेथ पनवती आहे. मी आठवडाभर फळ्याकडे बघत बसलो. कुठे चुकलं तेच दिसेना. प्रत्येक वेळी जे करायला हवं तेच केलं होतं.

तेव्हा शेठची सून ऑफिसात यायला लागली होती. अनघा मॅडम. शिकलेली पोरगी, पण चप्पल घालून शॉपमध्ये फिरायची नाही, बूट घालायची, त्यावरून मी ओळखलं की डोकं ठिकाणावर आहे. मी सगळं सांगितल्यावर ती हसायलाच लागली.

"काका, हे माहीत असलेलं आहे. मशीन वाढवलं तर काम लांबू शकतं, हे गणितवाल्यांनी कागदावर करून दाखवलंय."

"कागदावर केलं त्यांनी. शिव्या मी खाल्ल्या."

मग तिने खडू घेतला आणि माझ्याच फळ्यावर मला शिकवलं. मला राग आला नाही, कारण ती चांगलं शिकवायची. म्हणाली, "कुठलं काम कुठल्या मशीनवर, अगदी बिनचूक वाटणी काढायची म्हटलं, तर कामं वाढत गेल्यावर कॉम्प्युटरलाही जन्म पुरत नाही. पटकन बिनचूक उत्तर देणारी रीत कोणालाच सापडलेली नाही."

"मग आम्ही रोज काय करत होतो?"

"जवळपास."

मला आधी अपमान वाटला. तिने समजावलं. दोन लेथ आहेत. दोन जॉब तीन-तीन तासांचे, तीन जॉब दोन-दोन तासांचे. माझ्या रीतीने मोठे आधी: एकेक तीन तासांचा दोन्हीवर, मग एकेक दोन तासांचा दोन्हीवर, झाले पाच. उरला एक, तो कुठेही टाका, सात तास. पण दोन्ही तीनवाले एका लेथवर आणि तिन्ही दोनवाले दुसऱ्यावर टाकले, तर सहा तासांत सगळं खल्लास. सगळी हयात फळा लिहिला आणि हे कधी दिसलं नव्हतं.

"पण गंमत पुढे आहे," ती म्हणाली. "दोन मशीनवर तुमची रीत याहून वाईट कधी वागणार नाही. सहाचे फार तर सात. कितीही मशीन असली तरी सगळ्यात चांगल्या वाटणीपेक्षा एक तृतीयांशाच्या वर फटका नाही. हे पक्कं सिद्ध झालंय."

"आणि शाफ्टसारखं असेल तर? एक झाल्याशिवाय दुसरं नाही?"

"तिथे नुसतं एवढंच सांगता येतं, की मशीन रिकामी ठेवली नाहीत तर दुपटीच्या आत संपेल."

"हे कंपनीच्या साहेबाला सांगू का? दुपटीच्या आत देतो म्हणून?"

"नको," मॅडम म्हणाली.

मग मी सहज विचारलं, आमची बायको छोटं आधी करते, तिचं काय? मला वाटलं, हिला खो-खो हसू येईल. ती गंभीर झाली. म्हणाली, त्या वेगळं मोजतात. तुम्ही बघता शेवटचं काम कधी संपलं. त्या बघतात सगळ्या बायका मिळून किती वेळ ताटकळल्या. आणि ताटकळणं कमी करायचं असेल, तर छोटं आधी हीच रीत बिनचूक. जवळपास नाही. बिनचूक.

म्हणजे माझा नियम चालवून घेण्यासारखा आणि हिचा शंभर नंबरी. संध्याकाळी घरी येऊन मी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं चार दिवस डोक्यावर बसेल. ती दोरा ओवत होती. म्हणाली, "हे कळायला एवढं शिकावं लागतं?" आणि पुढे शिवायला लागली. जिंकल्याचा आनंद तिला झाला नाही, कारण आपण हरतोय असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

आता दांडीवरच्या पिशव्यांकडे येतो.

ती गेल्यावर भेटायला बायका यायच्या. पदर डोळ्याला लावायच्या, "काकी कशी हसतमुख होती" म्हणायच्या, आणि बोलता बोलता नजर हळूच दांडीकडे जायची. मग आणखी जोरात रडायच्या. मला कळायचं. बाईमाणसाला गणपतीत नेसायची साडी आहे, तिचा ब्लाऊज इथे अडकलाय, आणि सुतकाच्या घरात मागायचा कसा? एक जण तर माझ्या हातात चहाचा कप देऊन म्हणाली, "काका, घाई नाही हं," आणि मी काही विचारलं नसताना म्हणाली, "मोरपंखी रंगाचा आहे."

मी मुलीला फोन केला नाही, कोणाला विचारलं नाही. ठरवलं, एकही कापड तसंच परत द्यायचं नाही. पण मला शिवता येत नाही. हिच्या मशीनवर बसून बघितलं. लोखंड एकदा धरलं की जागेवर राहतं, कापड हाताखालून पळतं. एका चिंधीची मी अशी वाट लावली की उशीत भरायच्या लायकीची राहिली नाही. मग दोघींना बोलावलं. एक आमच्याच बिल्डिंगमधल्या विमलताई, त्या ड्रेस शिवतात. दुसरी कुंदा, उरणकडच्या गावातली, खांदा कॉलनीत तिचा छोटा गाळा आहे. सुमनचं आणि तिचं माहेरच्यासारखं होतं.

मी स्वयंपाकघराच्या दारावर खडूने फळा केला. सवयीने मोठं आधी. सगळ्यात मोठं काम शबानाभाभींचं: त्यांच्या नाझनीनचं लग्न, तिच्या साड्यांचे ब्लाऊज. ते कुंदाच्या नावावर टाकले. कुंदा कमरेवर हात ठेवून दाराकडे बघत राहिली.

"काका, आमी काय मशीन हाय का?"

"मशीन असतीस तर बोलली नसतीस. काय झालं?"

तिने पिशवी उघडली. "हे कापलेले हायत. काकीनं कापलेलं. दुसरीनं कापलेलं आमी नाय शिवत."

विमलताईंनीही मान हलवली. "काका, हा रूलच आहे आमच्यात. कटिंग एकीचं आणि शिलाई दुसरीची, फिटिंग बिघडलं तर कोणाला बोलणार? काकी तर आता..."

मी वाद घातला नाही. आमच्याकडे तेच होतं. दुसऱ्या वर्कशॉपने अर्धा कातलेला जॉब कोणी आणला, तर मी शेठना तोंडावर नकार द्यायचो. त्याचं केंद्र कोणी धरलं, कसं धरलं, आपल्याला काय माहीत? उद्या वाकडा फिरला तर नाव आपलं.

म्हणजे मोठं काम आधी टाकलं आणि तिथेच रुतलं. खाली बायका खोळंबलेल्या. मी फडकं घेऊन दार पुसलं आणि उलटं लिहिलं. आधी फॉल, पिको, लांबी कमी करणं, बाह्या सैल करणं. मग न कापलेले साधे ब्लाऊज. मग अस्तराचे. वाटणी दोघींत. तयार ब्लाऊजला हुक लावायचं काम माझ्याकडे, कारण तेवढं सुईदोऱ्याने जमत होतं. चष्मा लावून मी हुक लावत बसायचो आणि भेटायला आलेल्या बायका रडायचं विसरून बघत राहायच्या. एकीने तर सांगितलं, "काका, जरा आतल्या बाजूला घ्या, टोचतो." दारातली गर्दी भराभर ओसरली. माणसं पिशव्या घेऊन जायला लागली. दांडी मोकळी दिसायला लागली, तसं घर जरा जास्तच मोकळं वाटायला लागलं, पण ते वेगळं.

राहिले नाझनीनचे कापलेले. शबानाभाभी एकदाच येऊन गेल्या होत्या, कपड्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मीच निरोप धाडला. दोघी मायलेकी आल्या.

"भाऊ, मय्यतीच्या घरी मागायची शरम वाटत होती," शबानाभाभी म्हणाल्या. "नाही जमलं तर राहू दे. बाजारातून तयार घेऊ. नसीब त्यांचं आणि आमचं."

"मला तयार नको," नाझनीन म्हणाली. "मला काकींचेच हवेत."

मी त्यांना खरं ते सांगितलं, की कापलेलं कोणी शिवत नाही. पोरगी कुंदाकडे वळली. "ताई, तुम्ही शिवा. बिघडलं तर माझं. मी एक अक्षर बोलणार नाही."

"तू नाय बोलणार. तुजी आई भर लग्नात माज्या नावानं ओरडंल."

"अल्लाची कसम, नाही ओरडणार," शबानाभाभी म्हणाल्या.

"मनातपन नाय?"

"मनात थोडं ओरडेन."

कुंदा हसली. "खरं बोलली. दे हिकडं."

पहिला शिवून झाला आणि नाझनीनने घातला तर खांद्यापासून ढगळ. कुंदाने उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "काकीनं माप घेतल्यावर तू काय केलंस?"

नाझनीन खाली बघायला लागली. तिची आई म्हणाली, "भात सोडलाय हिने. फोटो चांगले यावेत म्हणून."

"सगळ्या ब्राइड हल्ली डायटवर असतात," विमलताई म्हणाल्या. "कटिंग परफेक्ट आहे हो, पोरगीच कमी झाली."

कुंदाने दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली, सगळ्यांना घेतली, आणि लग्नाच्या आधी सगळे ब्लाऊज त्या घरी पोहोचले. लग्नात मी गेलो होतो. शबानाभाभींनी मला बिर्याणी इतकी वाढली की ओरडायला त्यांना वेळच नव्हता.

मला वाटलं, संपलं. दांडी पुसावी म्हणून हात घातला तर भिंतीच्या बाजूला, सगळ्यांच्या मागे, एक पिशवी. वर नाव नाही. आत गर्द जांभळं कापड, अस्तर, नाडी, सगळं आणून ठेवलेलं, कापलेलं मात्र नाही. कुंदाला दाखवलं. तिने एका नजरेत ओळखलं.

"हे काकीचं सोताचं हाय. पनवेलच्या बाजारातून माज्यासंगं येऊन घेतलेलं. लय दिस झाले."

छोटं आधी, या नियमाला एक भोक आहे. छोटी कामं येतच राहिली तर मोठ्याचा नंबरच लागत नाही. आणि हिच्या ब्लाऊजसाठी दारात कोणी उभंही नव्हतं. बाकी सगळ्या बायकांचं ताटकळणं हिने कमी केलं, आणि ते सगळं या एका पिशवीने भरलं. मॅडमना हे विचारायचं माझं राहून गेलं होतं.

कुंदाने शिलाईचा एक पैसा घेतला नव्हता. मी म्हटलं, हे तू घे. तुझ्या मापाचा शिव. ती नको नको म्हणाली, मग पदराखाली धरून घेऊन गेली.

त्यानंतर भेटली की विचारायचो, झाला का? "करते काका. गिऱ्हाईक हायत." गणपती झाले, नवरात्र झालं. "करते ना, हे एवढे ब्लाऊज जाऊं द्या." मला लक्षण कळलं.

परवा सकाळी मी तिच्या गाळ्यात गेलो. दोन बायका उभ्या होत्या. मी स्टुल ओढून घेतलं आणि बसलो.

"काका, तुमी कशाला आलात? सांगितलं ना, करते."

"कर. मी बसलोय."

"हे दोन फॉल देते आणि..."

"नाही. माझा नंबर आधी."

"ह्या ताई काय म्हनतील?"

त्यातल्या एकीने विचारलं, काय भानगड आहे. कुंदाने थोडक्यात सांगितलं. त्या बाईने हातातली पिशवी खाली ठेवली. कुंदाने जांभळं कापड टेबलावर पसरलं, टेप घेतला आणि स्वतःच्या खांद्याला लावला. पण पाठीचं माप आपलं आपल्याला घेता येत नाही. ती बाई पुढे झाली, टेप पाठीवर धरून उभी राहिली आणि आकडा वाचला. कुंदाने खडूने खुणा केल्या, दोन वेळा मोजल्या, मग कात्री घेतली.

कात्री चालायला लागली तेव्हा मी बाहेर बघत होतो.

"काका," कुंदा म्हणाली, "रंग चांगला निवडलाय काकीनं."

मी म्हटलं, हो.